सकाळचं माप

सोनार : मंगळवारी दुपारी बारा नंबर, आज सकाळी पंधरा. ताई, माझ्या मापाच्या रिंगा म्हाताऱ्या झाल्यात की तुमची लेक चार दिवसांत वाढलीय?

आई : अहो भाऊ, काल जरा आंबट-खारट खाल्लंय तिने. सुजतात मग हात. दुपारपर्यंत उतरेल. तुम्ही आपली बाराचीच करा.

सोनार : करतो की. साखरपुडा किती वाजता आहे?

आई : पुढच्या रविवारी, सकाळी साडेनऊला.

सोनार : आणि आत्ता किती वाजलेत?

मुलगी : नऊ पंचवीस.

आई : तू गप्प बस गं.

सोनार : म्हणजे शंभर माणसांसमोर जावईबापू अंगठी सरकवणार, ती या सांध्यावर अडकणार, ते जोर लावणार, ही ओठ चावणार, आणि फोटोवाला म्हणणार, ‘पुन्हा एकदा, इकडे बघून.’ नाव कोणाचं खराब होणार? माझं.

मुलगी : म्हणूनच मी सकाळची वेळ घेतली, काका.

आई : तू घेतलीस? मला म्हणालीस, दुकानातूनच फोन आला होता.

मुलगी : खोटं बोलले. तू मंगळवारी मुद्दाम दुपारी आणलंस मला, तेव्हा तू तरी कुठे खरं बोलत होतीस?

सोनार : थांबा, थांबा. भांडायचं असेल तर आधी दोघी नीट बसून घ्या. हं. पोरी, दे बघू हात. दाबत नाही, नुसता बघतो. या दोन बोटांचे मधले सांधे... हे काही आंबट-खारटाचं नाही.

मुलगी : संधिवात आहे.

आई : झालं! आता गावभर दवंडी पिट.

मुलगी : पाच वर्षं झाली, काका. चोविसाव्या वर्षी सुरू झाला. औषध चालू आहे. दुपारी हात अगदी शहाण्यासारखे वागतात, सकाळी दोन तास रुसून बसतात.

सोनार : काम काय करतेस?

मुलगी : दातांच्या लॅबमध्ये आहे. डॉक्टर माप पाठवतात, मी कॅपा बनवते. मेण कोरायचं, साचा करायचा, धातू ओतायचा, घासून चकाकी आणायची.

सोनार : अरेच्चा! म्हणजे तू आमच्याच भावकीतली निघालीस.

मुलगी : फरक एवढाच, तुमचं सोनं लोक मिरवतात आणि आमचं तोंडात लपवतात.

आई : झाल्या का ओळखीपाळखी? भाऊ, मी मंगळवारी सांगितलंय तेच करायचं. पिवळंधमक सोनं, बावीस कॅरेट. दांडी बारीक, वर चार बारीक आकड्यांनी धरलेला उभा खडा. चारचौघींच्या बोटात असते तशी. माप हवं तर पंधराचं करा आणि आतून दोरा गुंडाळून द्या. आमच्या वेळी सगळ्या तसंच करायच्या.

सोनार : पंधराची केली तर दुपारी ती बोटात गरगर फिरणार. उभ्या खड्याचं डोकं जड, तो खाली तळहाताकडे तोंड करून बसणार. दोरा गुंडाळला तर सकाळी सांध्यावरून जाणार नाही. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि घातलेली अंगठी बोट सुजल्यावर निघाली नाही तर? गेल्या वर्षी एका बाईंची कापून काढली मी. नवरा अंगठीसाठी हळहळत होता, बाई बोटासाठी ओरडत होत्या.

मुलगी : मला उघडणारी हवी.

सोनार : बिजागरीची?

मुलगी : हो. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला खटका. सांध्यावरून ढकलायचीच नाही. उघडायची, बोटाच्या मुळाशी बसवायची, मिटायची.

आई : अंगठी आहे की कपाटाचं दार?

सोनार : करतात तशी, ताई. मीही केल्यात तीन-चार. फक्त बावीस कॅरेट विसरा. फार मऊ.

मुलगी : दोन वर्षांत बिजागरी लोंबायला लागेल. मी अठरा कॅरेट म्हणणार होते. आणि बिजागरीच्या आतली खीळ प्लॅटिनमची.

सोनार : प्लॅटिनम वितळवायचं म्हणजे...

मुलगी : सतराशे अडुसष्ट अंश. ओतू नका ना. बारीक तार ओढून घ्या, तेवढी पुरेल.

सोनार : ताई, हिला नोकरी बदलायची असेल तर माझ्या कानावर घाला. बरं, खीळ प्लॅटिनमची, मान्य. पण खटक्याची पट्टी मी चौदा कॅरेटची करणार. प्लॅटिनमला उसळी नसते. खटका दाबला की ‘टक्’ असा बोलला पाहिजे, मुकाट बसला तर समजायचं की लागलाच नाही. आणि खडा?

मुलगी : आकडे नकोत. लॅबमध्ये हातमोजे अडकतात. कोंदणात बुडवा, चहूबाजूंनी सोन्याचा काठ घेऊन. वरून बोट फिरवलं तर कुठेही टोचायला नको.

सोनार : तेज थोडं मार खाईल. आकड्यांवर खड्याला सगळीकडून उजेड मिळतो.

मुलगी : खाऊ दे. रोज घालायची आहे मला. पेटीत ठेवून बघायला नकोय.

सोनार : आणि रंग? अठरा पांढऱ्यातही होतं.

मुलगी : पिवळाच. तेवढं आईचं.

आई : उपकार झाले! सोन्याचा रंग आईचा, बाकी सगळं तुझं. अगं, त्याच्या घरची माणसं ती अंगठी हातात घेऊन बघणार. आत्या आहेत, काकू आहेत. ‘हा खटका कशाला हो?’ असं विचारणार. काय सांगू मी? नवी फॅशन?

मुलगी : खरं सांग.

आई : खरं! दोन वर्षांपूर्वी सांगितलंस की खरं, त्या इंजिनियरच्या घरी. त्याच्या आईने चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. ‘कळवतो’ म्हणाले. अजून कळवतायत.

सोनार : एक मिनिट. म्हणजे या मुलाला ठाऊकच नाही?

मुलगी : सहा महिने भेटतोय आम्ही, काका. नेहमी संध्याकाळी. संध्याकाळी माझे हात कोणाच्याही हातांसारखे असतात. त्याने माझी सकाळ बघितलेलीच नाही. मी बघू दिली नाही. त्यात आईचा जेवढा हात आहे, तेवढाच माझाही आहे.

आई : आठ दिवस राहिलेत. आठ दिवस तोंड मिटून बसायला काय होतं?

सोनार : हे बघा, घरातल्या गोष्टींत मी पडत नाही. पण धंद्यातली एक अडचण आहे, ती सांगतो. मग तुमचं तुम्ही ठरवा. पोरी, हा पितळी नमुना घे. उघडून ठेवलाय. डाव्या हाताच्या बोटात बसव. छान. आता मीट.

मुलगी : ...थांबा हं.

सोनार : अंगठ्याने ढकलू नकोस. दोन्ही बाजूंनी चिमटीत धर.

मुलगी : धरलंय. जोर येत नाहीये.

सोनार : सावकाश. घाई नाही.

मुलगी : नाही होत, काका.

सोनार : हेच सांगायचं होतं मला. अंगठी ज्या हातात घालायची, त्या हाताचा उपयोग नाही. राहिला दुसरा एकटा, आणि त्याच्या चिमटीत बळ लागतं. खटका ढिला केला तर अंगठी पडेल कुठेतरी बेसिनमध्ये. घट्ट ठेवला तर सकाळी तुला एकटीला लागणार नाही. दुसऱ्या कोणाचा तरी हात लागेल, आणि तोही रोज.

आई : सरक इकडे. बोट दे. हे असं धरायचं, खालून आधार द्यायचा, आणि... झालं.

सोनार : बोलला की ‘टक्’! ताई, पहिल्याच फटक्यात? मला स्वतःला दोनदा धडपडावं लागतं.

आई : मला काय नवीन आहे त्यात? पाच वर्षं सकाळी साडेसहाला तिच्या ड्रेसची बटणं लावतेय मी. वेणी घालतेय. घड्याळाचा पट्टा, पेस्टचं झाकण, डब्याच्या कड्या. तिच्या बाबांनाही कळू दिलं नाही किती आणि काय काय लागतं ते. तुम्हा दोघांना वाटतंय, मी लोकांना घाबरते. लोक गेले खड्ड्यात! मला एवढंच सांगा, तिथे साडेसहाला कोण उठणार आहे हिच्यासाठी? मी म्हणते, आधी लग्न होऊ दे. एका घरात राहिली की माया लागते माणसाला. मग कळलं तर कळलं, तोवर तो तिला टाकून जाणार नाही. आधीच सांगितलं तर माया लागायच्या आत उठून जाईल तो. मग मी गेल्यावर काय?

मुलगी : आई... सहा महिन्यांत लागली नसेल, तर लपवल्यावर कुठून लागणार?

आई : शहाणी आहेस. फार शहाणी आहेस तू.

मुलगी : आणि तिथली पहिली सकाळ? उघडी बटणं घेऊन बसून राहू? की साडेसहाला तुला फोन करून बोलावून घेऊ?

आई : आले असते मी.

मुलगी : माहीत आहे गं. रिक्षा मिळाली नसती तर चालत आली असतीस. म्हणूनच आता पुरे. माझी पर्स दे. आतला फोन काढून दे मला.

आई : अगं, निदान घरी जाऊन तरी बोल. परक्या माणसासमोर...

सोनार : मी आत जातो हवं तर.

मुलगी : बसा काका. घरी गेले तर हिंमत दुपारपर्यंत टिकायची नाही, आणि दुपारी हात बरे झाले की मलाच वाटेल, कशाला सांगायचं.

(मुलगी फोन लावते.)

मुलगी : हॅलो... हो, दुकानातच आहे. नाही, तसं नाही, पसंत पडलीय. तू ऐक फक्त. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही. मला संधिवात आहे. पाच वर्षं झाली... म्हातारपणाचा नाही, हा वेगळा असतो. पूर्ण बरा होत नाही, औषधाने आटोक्यात राहतो. सकाळी माझी बोटं मिटत नाहीत. माझी बटणं आई लावते. तू टेकडीवर पहाटे फिरायला बोलवायचास आणि मी दर वेळी काहीतरी थाप मारायचे, ती याच्यासाठी. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. चुकलं माझं. आता अंगठी अशी करतेय की सकाळी ती मला एकटीला लावता येणार नाही. कोणीतरी लावून द्यावी लागेल. कोणीतरी म्हणजे तू. एक-दोन दिवस नाही, रोज. जमणार नसेल तर आज सांग, रविवारी सांगू नकोस... हो... हो, तेच दुकान. पोस्टाच्या मागची गल्ली... बरं.

आई : काय म्हणाला?

मुलगी : ‘येतो’ म्हणाला.

आई : येतो म्हणजे? काय सांगायला येतोय?

मुलगी : ते नाही बोलला. दुकान कुठे आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

आई : आवाज कसा होता? चिडका होता का?

मुलगी : आई, मला माझ्याच छातीची धडधड ऐकू येत होती. त्याचा आवाज काय ऐकणार?

सोनार : पाणी घे, पोरी. पेला दोन्ही हातांनी धर. मेण मी इतक्यात हातात घेत नाही. येऊ दे त्याला. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

मुलगी : नाही, घ्या हातात. आठच दिवस आहेत. मेण कोरायचं, ओतायचं, बिजागरी बसवायची, वेळ लागतो. तुमचं काम मला कळतं.

सोनार : आणि आल्यावर नाही म्हणाला तर?

मुलगी : तर रडेन. चार दिवस, आठ दिवस, जेवढं येईल तेवढं रडेन. मग ही अंगठी येऊन घेऊन जाईन, माझ्या पगारातून. सांधे तर राहणारच आहेत ना माझ्याजवळ? तो असला तरी आणि नसला तरी. माझ्या हाताला साजेशी एक वस्तू मला हवी आहे, काका. करायला घ्या.

सोनार : ताई, वहीत ऑर्डर तुमच्या नावाने आहे. बावीस कॅरेट, आकड्यांवर खडा, माप बारा. काय करू?

आई : ...खोडा.

सोनार : नक्की?

आई : खोडा म्हटलं ना. पुन्हा विचाराल तर मी हो म्हणायची नाही.

सोनार : खोडलं. अठरा कॅरेट पिवळं. बिजागरी, खीळ प्लॅटिनमची. खडा कोंदणात बुडवलेला. माप बोटाच्या मुळाचं. खटका या नमुन्यासारखाच घट्ट ठेवू ना?

आई : घट्ट तेवढाच ठेवा. पण भाऊ, ही पट्टी फार चिमुकली आहे. जरा रुंद करा.

सोनार : कशाला? तुम्हाला तर लगेच जमली.

आई : माझी बोटं बारीक आहेत. पुरुषांची जाड असतात.