महालातलं बिऱ्हाड

फेरारातल्या जुन्या महालात आता गाण्याच्या मैफली होतात. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बहिणी उभ्या होत्या.

"अर्मिदाताई, परत जाऊ या. मला नाही बघवणार."

"युद्धानंतर नऊ बिऱ्हाडं राहिलो इथे, चादरींचे आडोसे करून. आणि आता आत जायला घाबरतेस?"

"छत तेच असेल का गं?"

"तेच. आपल्या चुलींची काजळी तेवढी पुसलीय म्हणे. ताप आला की तू त्या छतावरच्या देवदूतांशी बोलत बसायचीस."

"आणि आई ओरडायची, झोप गं आता."

"आई इथेच गेली, एर्सिलिया. म्हणून तर आलेय."

तिकीट देणाऱ्या मुलीने विचारलं, "कुठल्या जागा देऊ?"

धाकटीच पुढे झाली. "डावीकडच्या खिडकीजवळ दे, बाळा. आईची खाट तिथे होती."