छत्तीस फोटोंचं वाळवण

…आणि बटणावरचं बोट उचललंय न उचललंय, तोवर बारा मुंडकी माझ्या खांद्यावर. ‘बघू, बघू, कसा आलाय?’ अहो, काय बघू? फिल्मचा कॅमेरा आहे, पाठीला नुसतं काळं झाकण आहे, त्याच्याकडे बघत बसणार का? तुम्हाला सांगतो, फिल्मवर फोटो काढणाऱ्याचं निम्मं आयुष्य फोटो काढण्यात जातं आणि उरलेलं ‘आत्ता नाही दिसत’ हे सांगण्यात. पण चूक त्यांची नाही. सवयच राहिली नाही लोकांना, ते तरी काय करणार.

आमच्या ऑफिसात अमित आहे, नाशिकरोडला, माझ्या टेबलाला टेबल लावून बसतो. मला म्हणतो, ‘धम्मपाल, रोल मिळतात अजून? बंद झाले ना?’ मिळतात बाबा. ‘मग सगळं ब्लॅक अँड व्हाइटच येत असेल.’ अरे, तुझ्या आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम रंगीत आहे, तो काय मोबाइलवर काढला होता? ‘तसं नाही रे, पण हाच इफेक्ट माझ्या फोनमध्ये आहे, एक बोट लावलं की फोटो जुना.’ घ्या. परवा तर कॅमेऱ्याचं झाकणच उघडायला निघाला, म्हणे कितवा फोटो चालू आहे ते बघतो. आकडा वर दिसतो रे, वर. झाकण उघडलं की आत उजेड शिरतो, आणि उजेड शिरला की काढलेलं सगळं पुसलं गेलं म्हणून समज. तरी ‘एवढ्याशा उजेडाने काय होतंय’ आहेच. चूक त्याची नाही. पण माझ्या टेबलावरून तो हलत नाही, ही माझी अडचण.

ते जाऊ द्या, मी सांगत होतो बाबांचं. बाबा म्हणजे देवराम, रेल्वेत गेटमन, मनमाडकडच्या एका फाटकावर. सदतीस वर्षं गाडी आली की हिरवा झेंडा, गाडी गेली की फाटक वर. आमच्या घरातला कुठलाही अल्बम काढा, ताईचं बारसं, माझं शाळेतलं बक्षीस, चौदा एप्रिलची मिरवणूक, सगळे आहेत, बाबा नाहीत. कुठेयत बाबा? ड्युटीवर. आणि ड्युटीवर फोटो कोण काढणार, ड्रायव्हर? माणसाने सदतीस वर्षं झेंडा धरला आणि झेंडा धरलेला एक फोटो नाही, मला हे फार लागायचं हो. म्हणून तीस एप्रिलला, त्यांच्या शेवटच्या ड्युटीला, मी म्हटलं, फिल्मवर काढणार. भिंतीवर लागेल असा काढणार.

आणि तिथे मी भाषण केलं. कुणी सांगितलं होतं? फाटकावर जमलेल्या घरच्या सगळ्यांना म्हणालो, आज मोबाइल खिशात, एकानेही काढायचा नाही, मोबाइलमधले फोटो पुन्हा कुणी बघत नाही, हा क्षण फिल्मवरच. ऐकलं हो सगळ्यांनी. मनोजदाजी, ताईचे मिस्टर, देवळालीला असतात, ते जेवतानासुद्धा फोन ठेवत नाहीत, त्यांनीही खिशात घातला. मग मालगाडी आली, बाबांनी झेंडा धरला, ड्रायव्हरला कुणीतरी सांगितलं असावं, त्याने शिट्टी दिली ती फाटक पार करेपर्यंत सोडलीच नाही. बाबांचे डोळे भरले, माझेही भरले, फोकस दिसेना, तरी काढत राहिलो. छत्तीसच्या छत्तीस.

दुसऱ्या दिवशी एक मे, कुरिअर बंद. रोल डेव्हलप करायला पाठवायचा पुण्याला, आणि घरात ऊन असं की कपाटाला हात लावला तरी चटका बसावा. रोल गरमीत ठेवायचा नसतो, म्हणून डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. अंजलीला, म्हणजे बायकोला, बजावलं, हात लावायचा नाही. आईला सांगायचं राहिलं.

आता एक मे म्हणजे आमच्या आईच्या कुरडयांचे दिवस. चिकाच्या पातेल्याला जागा करायला तिने सकाळी फ्रिज रिकामा केला. डबी बाहेर काढली, गारव्याने डबीला घाम सुटलेला. उघडली, आत रोल, रोलमधून पट्टीचं टोक बाहेर. टोक दमट. मग आमची आई, यशोदाबाई, काय करेल? जे दमट ते गच्चीवर. तिने ते टोक धरून हळूहळू, अजिबात न तोडता, दीड मीटर पट्टी बाहेर काढली आणि कुरडयांच्या शेजारी जुन्या लुगड्यावर अंथरली. गुंडाळू नये म्हणून दोन्ही टोकांना खडे ठेवले.

मी खाली झोपलोय. चार वाजता मला हलवून म्हणते, ‘ऊठ रे, तुझी पट्टी कडक वाळली. दुपारी उलटवली पन व्हती, दोन्ही अंगानं.’

मी गच्चीवर गेलो आणि मटकन खाली बसलो. कुरडयांत बसलो हो. म्हटलं, आई, यात बाबा होते. तर म्हणते, ‘मग? फोटो काय उन्हानं उडत्यात व्हय? भिंतीवरल्या फोटोवर रोज ऊन येतं, ते नाय उडले कधी. लय वली लागत व्हती, बुरशी धरली असती.’ तुम्ही सांगा, चूक तिची म्हणू? बाबा आले, पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली आणि मलाच म्हणाले, ‘जाऊ दे, मी कुठं एवढा चांगला दिसतो.’ तेव्हा मात्र मला रडू आलं.

आठ दिवसांनी दाजी आले. चहा झाला, फरसाण झालं, उगाच पंख्याकडे बघून झालं. मग म्हणाले, ‘धम्मपाल, रागावू नको. मी एक काढला होता. चोरून, पोटापाशी फोन धरून.’ आणि दाखवला. फोटो तिरपा, हललेला, कोपऱ्यात दाजींचा अंगठा. पुढचं निम्मं चित्र म्हणजे कॅमेरा घेऊन वाकलेलो मी, शर्ट वर सरकलेला, पाठच पाठ. आणि माझ्या खांद्यावरून बाबा. अर्धी टोपी, एक डोळा आणि अख्खा झेंडा.

तोच मोठा करून लावलाय. बाबा रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहतात, म्हणतात, झेंडा बघ कसा ताठ धरलाय. मी म्हणतो, हो बाबा.

रविवारी अमित घरी आला. फोटोसमोर हात बांधून उभा राहिला, मान हलवायला लागला. ‘वा. धुरकट, हललेला, कोपऱ्यात तो लालसर डाग… याला म्हणतात फिल्म. मोबाइलला जन्मात नाही जमायचं. धम्मपाल, मानलं तुला.’ दाजीही आलेलेच होते, चहाचा कप धरून माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, थँक्यू.

‘फक्त एक सांग,’ अमित म्हणाला, ‘एवढा सुंदर फोटो, आणि हा मधे कोण तडमडलाय?’

काय सांगू? म्हटलं, कोण जाणे. असतो रे एखादा, प्रत्येक समारंभात.