आमच्याकडची बाई

वरणफळं मीच करून वाढतो तुम्हाला, पण तारीफ करू नका, मला लाज वाटते. कारण सांगतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. केदारखेड्याहून मी जालन्याला शिकायला आल्तो, खोलीवर हातानंच रांधायचो. एकदा वकिलाच्या माधवला जेवायला बोलावलं अन् वरणफळं केली, म्हणजे उकळत्या वरणात कणकेचे चौकोनी तुकडे. बोटं चाटत माधवनं विचारलं, “कुणी शिकवलं रे?”

त्याच्या घरी स्वयंपाकीणबाई होती. माझी आई स्वतः चुलीपुढं बसते, हे मला सांगवेना. म्हटलं, “आमच्याकडं बाई आहे, तिनं.”

पुढच्या बाजाराला आई बैलगाडीनं आली, तर माधव खोलीवरच.

“काकू, तुमच्या बाईच्या हाताला काय चव असेल! तिची फळं एकमेकांना चिकटत कशी नाहीत?”

आईनं माझ्याकडं पाह्यलं. मी उगीच भरलेला तांब्या भरायला उठलो.

“एकेक सोडायचं बाबा,” ती म्हणाली, “जल्दी केली की गोळा होतो.” मंग माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुला आवडली म्हणून सांगते तिला. बिचारीला बरं वाटंल.”