समासातली ओळ

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय अण्णासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, सत्कारमूर्ती दिनकरराव गुरुजी, सौ. अनसूयाबाई, आणि सेलूच्या या वाचनालयात दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

गुरुजी परवा निवृत्त झाले. चौतीस वर्षं इतिहास शिकवला, आधी निजामाच्या अमलात उर्दूतून, मग मराठीतून. त्यांच्याविषयी गोड बोलणारे पुष्कळ आहेत. मी वालूरचा काशीनाथ, तहसील कचेरीतला कारकून. मी त्यांनी केलेली माझी फजिती सांगणार आहे. अध्यक्षमहाराज, परवानगी आहे ना?

चोपन्न साली याच दालनात गुरुजींचं व्याख्यान झालं. विषय होता, ख्रिस्ती धर्मग्रंथ कितपत विश्वसनीय. तुम्ही म्हणाल, शेंडी राखणाऱ्या ब्राह्मणाला ही उठाठेव कशाला? पण जुना कागद दिसला की गुरुजी त्याची जात विचारत नाहीत. हैदराबादेहून ग्रंथ मागवून त्यांनी वर्षानुवर्षं वाचले होते. ते म्हणाले, शुभवर्तमानांची, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांची, मूळ प्रत एकही उरलेली नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. पण त्या इतक्या आहेत की एकीची चूक दुसरी पकडून देते. आणि पापी ठरवलेल्या बाईला दगड मारायला आलेल्या जमावाला येशूनं परत पाठवलं, ती गोष्ट सर्वांत जुन्या नकलांत नाही. मागाहून कुणीतरी घातली असावी.

माझ्या हाती कोलीत मिळालं. मी उभा राहून म्हणालो, म्हणजे ख्रिस्त्यांचा ग्रंथ ठिगळांचा. आमच्या घरी श्रावणात वाचतात त्या पोथीत काना-मात्रेचा फरक सापडायचा नाही.

मागे दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्स कमलबाई बसल्या होत्या. त्यांच्या परवानगीनं सांगतो, त्यांना गावानं एकदा धोंडे मारून हाकललं होतं, आणि मिशनच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांना हीच गोष्ट वाचून दाखवली होती. त्या उठल्या. "गुर्जी, ती गोष्टच न्हाई, तर मी येवढी वर्षं कशाच्या आधारावर जगले?"

गुरुजींनी सारवासारव केली नाही. "बाई, कागद सांगतो ते मी लपवणार नाही. जुन्या पानात ती नाही, एवढंच तो सांगतो. घडलीच नाही, असं तो म्हणत नाही." मग माझ्याकडे वळले. "काशीनाथ, पुढच्या रविवारी तुमची पोथी आणा."

आमची पोथी आजोबांनी चारठाणे गावातल्या जुन्या पोथीवरून उतरवलेली. गुरुजींनी तीही मागवून ठेवली होती. भर सभेत दोन्ही शेजारी ठेवून मला वाचायला लावलं. नवव्या अध्यायातली एक ओळ आमच्याकडे तीन पिढ्या हात जोडून, चालीवर म्हणत आल्या होत्या: 'येथे श्रोत्यांस पाणी द्यावे.' चारठाण्याच्या पोथीत ती ओवीत नव्हतीच. पानाच्या कडेला, समासात, बारीक अक्षरात, वाचणाऱ्यासाठी केलेली सूचना होती. आजोबांनी भक्तिभावानं तीही ओवीत बसवली. आम्ही दर श्रावणात ती गायलो, आणि एकाही श्रोत्याला कधी घोटभर पाणी दिलं नाही. सभा पोट धरून हसली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कमलबाई हसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या रांजणातून त्यांनी तांब्या भरला आणि पेल्यात पाणी ओतलं. "कुनीबी लिवलेलं असू द्या. तहान तर खरी हाय."

हसू थांबलं. त्यांच्या हातचं पाणी? या दालनात? गुरुजी पुढे झाले, पेला घेतला आणि प्यायले. दुसरा पेला माझ्यासमोर आला. सांगायला लाज वाटते, माझा हात लगेच उठला नाही. कमलबाई पेला धरून उभ्याच राहिल्या. शेवटी मी प्यायलो. माझ्यामागून आणखी सात-आठ जण प्यायले. बाकीचे तहानलेलेच घरी गेले.

तेव्हापासून आमच्याकडे नववा अध्याय आला की वाचन थांबतं आणि पाणी फिरतं. ती ओळ मात्र मी गात नाही. समासातलं समासातच ठेवा, अशी गुरुजींची आज्ञा आहे.

सत्कार समितीचे, वाचनालयाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींच्या शब्दांत माझ्या पदरचं काही घुसलं असेल, तर नक्कल करणाऱ्याची चूक म्हणून पोटात घाला. उकाडा आहे, सभाही लांबली आहे, आणि रांजण त्याच कोपऱ्यात आहे. कमलबाई, तुम्ही उठू नका. आज पाणी मी देतो, आणि पहिला पेला तुमचा.