रक्त खराब नाय गो

"हॅलो?… हां किमे, बोल… अगं, रडतेस काय? थांब, कुकर बंद करते."

वरसे गावातल्या घरात मृणालीने गॅस बंद केला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. हमरापुरात गणपती रंगवणारी धाकटी बहीण किमया कामाच्या वेळेत कधी फोन करत नसे.

"हां, आता सांग… निकेशचा फोन आला? मग?… नाय म्हणाला? साखरपुडा ठरलाय नि आता नाय?… सावकाश गो, सावकाश… चेहऱ्यावरच्या फोडांवरून?… कोण, त्याची आई म्हणते? रक्त खराब?

ऐक ना. रक्त खराब नाय गो. पेणच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? सगळ्यांच्या कातडीत तेल असतं… हो, हो, ऐक ना. हवेनं, उन्हानं, धुरानं ते बिघडतं, उघडं तेल खवट होतं तसं. शरीर निस्तरतं ते, पण कधी त्याची ताकद कमी पडते. मग सूज, मग फोड… हां, तेच, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस… एवढं एकच कारण नाय, माहिताय. पण तू आईच्या उशाशी किती रात्री जागलीस! ती गेली नि त्यानंतरच तोंड भरलं तुझं. मी बघितलंय ना."

पलीकडून हुंदका आला. मृणालीने ओढणीने डोळे टिपले.

"काय लावलंस?… लिंबू? आणि सोडा? अगं, आग झाली असेल! धू आधी. चोळू नको, नुसतं पाणी मार… डाग? सगळे नाय जाणार कदाचित. खोटं कशाला सांगू?…

काय? मी समजावू निकेशला?… बोलले असते गो, पण… किमे, तो होता ना आपल्याबरोबर दवाखान्यात. तुझ्याच शेजारच्या खुर्चीत. सगळं ऐकलंय त्यानं… हो, मान पण डोलावत होता. त्याला समजलं नाय असं नाय गो…

हॅलो?… रड, रड. मी निघतेच आता. तू घरी जा… किमे? हॅलो?"

फोन कट झाला. मृणालीने लगेच परत लावला. बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी.

किमया निकेशलाच फोन लावत होती. मृणालीला ते कळलं, आणि तिसऱ्यांदा नंबर दाबायला तिचं बोट पुढे झालं नाही.