बाकावरचा तिसरा

धानोऱ्याच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी एमए करणारा एक मुलगा आणि त्याचे मामा बसले होते. मी मोबाइल पाहत होतो.

"मामा, गावात टॉवर आला अन् शाळा बंद झाली. आता म्हनतात, पोरायनं मोबाइलवर शिकावं."

"हळू बोल, धनराज."

"खोटं थोडी बोलून राह्यलो? मतं मांगाले सारेच पुढारी येतात, मास्तर मांगाले कोनी जात नाई. मी हेच प्रोजेक्टमधी लिहिलं."

"गावाचं नाव टाकलं का?"

"टाकलं."

"काढून टाक. उद्या पोलीसही येतीन, बंदुका घेऊन जंगलवालेही येतीन. दोघायले मी काय सांगू?"

"मंग मले शिकवलं काऊन?"

"नोकरीसाठी. बोलासाठी नाई."

"सर म्हनतात, बोलाले पाह्यजे."

"सर नागपूरले राह्यतात. अन् हा बाजूचा मानूस मघापासून मोबाइल आपल्याकडं धरून बसला आहे."

मी मोबाइल खिशात टाकला.

"पाह्य, लपवला."

मामा माझ्याकडं सरकले.

"भाऊ, तुमी कुठले?" मामांनी विचारलं.

"चंद्रपूरचा."

"आमच्या गावची शाळा लय चांगली आहे, भाऊ," धनराज म्हणाला. "मास्तर रोज येतात."