साच्याला भोकं

मंडळी, ऐका! एक विचारू? डोक्यात चांगली गोष्ट आली, तरी माणूस ती गिळून का टाकतो? ओ मागचे, डुलक्या नंतर काढा — हे आख्यान तुमचंच आहे!

एका राजाचा घंटा ओतायचा कारखाना होता. मातीचा साचा करायचा, त्यात वितळलेलं कासं ओतायचं. कारभारी कोण? आबाजीपंत! आवाज ऐकून भट्टीनं गार पडावं! पंतांचा दंडक होता — जो शंका काढील, त्यानं ओतताना साच्याला चिकटून उभं राहायचं. आता सांगा, कोण काढतोय शंका? सगळे चिडीचूप!

हैबती आणि गोंदबा, दोघे ओतारी, एका फडक्यातली भाकरी खाणारे. एकदा हैबती म्हणाला, "गोंदबा, साचा आतून ओला राहिला तर वाफ कोंडते रे. वरून दोन भोकं ठेवली तर?"

"भोकं?" गोंदबा पोट धरून हसला. "अरे, घंटा करतोस की चाळण?" सगळा कारखाना हसला. तुम्हीही हसलात — बघितलं मी! हैबतीनं मान खाली घातली.

पुढं राजाचं फर्मान आलं — दसऱ्याला देवळात नवी घंटा वाजलीच पाहिजे! साचा वाळायला सवडच नाही. ओतायच्या दिवशी हैबतीनं साच्यावर तळहात टेकला — ओल लागली! सांगावं? समोर पंत उभे. घरी लहान लेकरं. ओला हात धोतराला पुसला आणि बाजूला सरला हो!

गोंदबानं वितळलेल्या काशाची मूस उचलली, कलती केली. साच्यात गुरगुर... पुन्हा गुरगुर... "गोंदबा, मागं हो!" हैबती ओरडला — पण उशीर झाला! साचा फुटला, कासं उसळलं, थेट तोंडावर!

जीव वाचला. डोळे गेले.

हैबती उशाशी बसला होता. गोंदबानं चाचपडत त्याचा हात धरला. "तुला कळलं होतं ना रे? पंतांचं भ्या, कबूल. पण मला तरी कानात सांगायचंस!"

हैबती रडत म्हणाला, "तुला सांगितलं होतं, गोंदबा. तू हसलास."

नारायण, नारायण! मंडळी, पंतांना तुम्ही मनातल्या मनात शिव्या घातल्यात. गोंदबाला घातली कुणी? उद्या कामावर जाल, तेव्हा शेजारच्याकडं नीट बघा. पूर्वी काहीबाही सुचवायचा, हल्ली नुसता "हो साहेब" म्हणतो. मला त्या गप्प माणसाची फार भीती वाटते हो! त्याच्या हाताला कुठली ओल लागलीय, तुम्हाला ठाऊक नाही. हात जोडतो, त्याला विचारा — आणि तो बोलला, तर हसू नका.